बालकांचें इतिहासज्ञान कसें पारखलें गेलें : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या निमित्तानें कांहीं विचार

प्राथमिक शाळेंतील मुलास इतिहास-भूगोल कितपत समजला हें कसें पारखावें, हा प्रश्न शिक्षणखात्याचा आहे, इतिहाससंशोधकांचा नव्हे, असें या त्रैमासिकाच्या कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आमचें मत तसें नाहीं. ज्या वयांत मूल ‘हें कशावरून?’ असें सहज विचारतें, त्याच वयांत परीक्षा त्यास तो प्रश्न सोडून द्यावयास शिकवीत असेल, तर पुढें कितीहि दप्तरें छापून काढलीं तरी तीं वाचणारा वर्ग कोठून निर्माण होणार? म्हणून बालकांच्या इतिहासज्ञानाची पारख आपल्याकडे कोणकोणत्या रीतीनें होत आली, आणि ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत ती आज कोठें येऊन ठेपली आहे, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. हे तालुके आमच्या विशेष परिचयाचे आहेत हें एक कारण झालें. पण त्याहून मोठें कारण असें कीं, इतिहासाचीं साधनें शाळेच्या खिडकींतून दिसावीं असे प्रदेश थोडे असतात, आणि हे दोन तालुके त्यांत मोडतात.

‘परीक्षा’ हा शब्द ‘परि’ हा उपसर्ग व ‘ईक्ष्’ हा धातु यांपासून बनला आहे. सर्व बाजूंनीं पाहणें हा त्याचा मूळचा अर्थ. या अर्थाची पारख जुन्या पंतोजीच्या शाळेंत रोजच होई. धुळाक्षरें, पाढे, मोडीचें वाचन, हिशेब हें मुलास आलें किंवा नाहीं तें पंतोजी डोळ्यांनीं पाही आणि पुढचा पाठ देई. इयत्ता नव्हत्या, गुण नव्हते. पण तेथें इतिहास हा विषयहि नव्हता. पूर्वजांच्या गोष्टी मूल कीर्तनांत व पोवाड्यांत ऐके, आणि तें त्यानें ऐकलें कीं नाहीं याची चौकशी कोणी करीत नसे.

इतिहास शाळेंत शिरला तो छापील पुस्तकाबरोबर. ग्रांट डफचा मराठ्यांवरील ग्रंथ १८२६ सालीं बाहेर पडला. त्याचें कॅप्टन डेव्हिड केपन यानें केलेलें मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत छापून निघालें व ‘मराठ्यांची बखर’ या नांवानें तें मराठी शाळांतून वाचलें जाऊं लागलें. नांवानें बखर, पण वृत्तीनें पाठ्यपुस्तक, असा तो ग्रंथ होता. आणि पाठ्यपुस्तक म्हटलें कीं त्यामागून परीक्षा ही येणारच.

परीक्षेची जी तऱ्हा आपल्याकडे पुढें रूढ झाली तिचें मूळ इंग्लंडांत आहे. तेथें १८६२ सालीं रॉबर्ट लो याच्या पुढाकारानें नवा निर्बंध अमलांत आला. सरकारी परीक्षकानें शाळेंत जावें, एकेका मुलाची वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उतरतील त्या मानानें शाळेस पैसा द्यावा, असा त्याचा आशय होता. याचा परिणाम काय झाला तो ध्यानांत धरण्यासारखा आहे. ज्या विषयांस पैसा लागत नव्हता त्या इतिहास-भूगोलांकडे शाळा पाठ फिरवूं लागल्या, आणि अखेर १८६७ सालीं कांहीं अधिक विषयांसाठीं वेगळें अनुदान जोडण्याची पाळी तेथील सरकारवर आली. या इंग्लंडांतील हकिकतीचें प्रयोजन पुढें येईलच.

मुंबई इलाख्यांत सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षणखात्याचे प्रमुख असतां, १८६५ च्या सुमारास, निकालाच्या मानानें अनुदान देण्याची ही पद्धति आली. अनुदानाचे नियम खासगी शाळांपुरते असले, तरी इयत्तेचें ठराविक माप घेऊन मुलांस एकामागून एक उभें करण्याची रीत लोकलफंडाच्या खेड्यांतील शाळांतहि चांगलीच रुळली. दिपोटीसाहेबांची फेरी हा गांवचा एक सोहळाच असे. शाळा शेणानें सारविली जाई, मुलें धुतलेल्या कपड्यांत बसत, आणि मास्तरांचा जीव टांगलेला असे. साहेबांनीं एका दिवसांत सगळी शाळा तपासून पुढच्या मुक्कामास जावयाचें असे. तेव्हां प्रश्न असाच हवा कीं ज्याचें उत्तर एका शब्दांत यावें आणि चूक कीं बरोबर हें तत्क्षणीं सांगतां यावें. अमुक लढाई केव्हां झाली? अमुक राजाच्या बापाचें नांव काय? अमुक नदी कोठें उगम पावते? आमच्या मतें आपल्या शालेय इतिहासाचें रूप पाठ्यपुस्तकांपेक्षां दिपोटीच्या या घाईनें अधिक घडविलें आहे.

आतां योगायोग पाहा. ही पद्धति इकडे स्थिर होत होती त्याच सुमारास, १८६७ सालीं, निळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच पुण्यास ग्रांट डफच्या ग्रंथावर आपला टीकात्मक निबंध वाचला. डफनें कोणतीं साधनें पाहिलीं, कोणतीं पाहिलीं नाहींत, त्याचीं विधानें कोणत्या आधारावर उभीं आहेत, हें एका तरुणानें जाहीरपणें विचारलें. तेथून वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, पारसनीस यांच्यापर्यंतची वाट सरळ आहे. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. म्हणजे एकाच दशकांत महाराष्ट्रांत दोन प्रवाह सुटले. एक ‘कशावरून?’ असें विचारणारा, आणि दुसरा ‘केव्हां? कोण? किती?’ एवढ्यावरच गुण देणारा. पहिला प्रवाह विद्वानांच्या मंडळांतून वाहिला. दुसरा खेड्यापाड्यांतील शाळांतून. दोहोंचा संगम अद्याप झालेला नाहीं, हेंच या लेखाचें म्हणणें आहे.

भारत सरकारच्या १९०४ च्या ठरावानें निकालावरच्या अनुदानास दोष दिला व ती पद्धति मागें पडली. पुढें १९२३ व १९४७ चे प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले, १९६२ सालीं शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या, १९६७ सालीं पाठ्यपुस्तकांचें मंडळ निघालें. मालक बदलले, प्रश्नाचा साचा तोच राहिला.

चवथीच्या ‘शिवछत्रपती’ या पुस्तकाचेंच उदाहरण घेऊं. हें पुस्तक १९७० सालीं प्रथम निघालें. तें चांगलें पुस्तक आहे, मुलें तें आवडीनें वाचतात, आणि त्यास नांवें ठेवणाऱ्यांत आम्ही नाहीं. त्यांत १६६५ च्या पुरंदरच्या तहाची हकिकत आहे, आणि त्या पाठावरचा ठरलेला प्रश्न असा कीं, महाराजांनीं मोगलांस किती किल्ले दिले? उत्तर : तेवीस. हें उत्तर शहापूर तालुक्यांतील मूल तोंडपाठ म्हणतें. पण त्या तेविसांत माहुली होता, आणि माहुली म्हणजे आसनगांवच्या स्टेशनावरून दिसणारा, नवरा-नवरीचे सुळके मिरविणारा तोच डोंगर, हें त्यास कोणी विचारीत नाहीं, म्हणून तें सांगण्याची गरज मास्तरांसहि वाटत नाहीं. वास्तविक या डोंगराइतकी सलग गोष्ट सांगणारें दुसरें साधन या तालुक्यांत नाहीं. १६३६ सालीं निजामशाहीच्या अखेरच्या झगड्यांत शहाजीराजे येथेंच कोंडले गेले व त्यांस तह पत्करावा लागला. १६६५ सालीं गड मोगलांकडे गेला. १६७० च्या आरंभीं मराठ्यांनीं त्यावर घातलेला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड यानें मोडून काढला आणि मराठ्यांचीं माणसें मोठ्या संख्येनें पडलीं. त्यानंतर मनोहरदासानें किल्लेदारी सोडली, आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मोरोपंतांनीं गड घेतला. पराभव आणि जय एकाच वर्षांत, एकाच जागीं! पराभवाची गोष्ट मुलांस सांगूं नये असें मानणारे कांहीं असतील. आमचा अनुभव असा कीं, ती गोष्ट मुलें अधिक एकाग्रतेनें ऐकतात.

‘किती किल्ले दिले?’ आणि ‘त्यांपैकीं एखादा तुम्हीं पाहिला आहे काय?’ हे दोन प्रश्न आम्हीं अध्यापन करीत असतां पुष्कळ वर्गांत एकामागून एक विचारून पाहिले आहेत. पहिल्यास सर्व हात वर होतात, दुसऱ्यास वर्ग गप्प होतो. एकदां मात्र मागच्या ओळींतला, ठाकूरवाडींतून येणारा एक मुलगा आपल्या बोलींत म्हणाला कीं, आमचीं गुरें त्या बाजूस चरतात, वर दगडांत खोदलेलीं टाकीं आहेत. एवढें पाणी वर कोणासाठीं सांठविलें? त्या मुलास ‘तेवीस’ हें उत्तर आलें नव्हतें. परीक्षेच्या मापानें तो कच्चा होता, आणि संशोधनाच्या मापानें त्या वर्गांत तोच एक पक्का होता. त्याच्या प्रश्नास गुण देण्यासाठीं गुणपत्रकांत रकाना नव्हता. प्रश्नोपनिषदांत सहा शिष्य पिप्पलादाकडे येतात, तो त्यांस वर्षभर ठेवून घेतो, आणि मग ते त्यास प्रश्न विचारतात. त्या ग्रंथास नांव मिळालें तें प्रश्नांवरून, उत्तरांवरून नव्हे. आमच्या परंपरेंत शिष्याची योग्यता त्याच्या प्रश्नावरून ओळखण्याची रीत होती, एवढेंच येथें सुचवावयाचें आहे.

मुरबाडकडे वळलों तर तेथेंहि हाच प्रकार. वैशाखऱ्यावरून नाणेघाटाची पायवाट चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यांत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं तो वाचला. त्यांत यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांची गणती अंकांनीं लिहिली आहे, आणि हे अंक भारतांतील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणले जातात. मुरबाडचें मूल शाळेंत अंक शिकतें, आणि दोन हजार वर्षांपूर्वींचे अंक त्याच्या डोक्यावरच्या घाटांत कोरलेले असतात. पण दोहोंची गांठ कोणतीच प्रश्नपत्रिका घालून देत नाहीं. त्याच तालुक्यांत सिद्धगड आहे. तेथें २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळीबारांत मरण पावले. दरवर्षीं त्या दिवशीं लोक तेथें जमतात. मूल तेथें जातें, पुष्पहार पाहतें, भाषणें ऐकतें. परंतु ‘बेचाळीसच्या आंदोलनांत तुझ्या तालुक्यांत काय झालें, आणि तें तुला कोणाकडून कळलें?’ असा प्रश्न त्यास येत नाहीं. म्हशाच्या जत्रेंत गुरांचा आणि घोंगड्यांचा बाजार भरतो. त्यावरून देवघेव, दळणवळण, घाटावरचा व खालचा माल यांचा केवढा पाठ होऊं शकेल! पण असा पाठ तपासावयाचा कसा, म्हणून तो होतच नाहीं.

शहापुरास पाण्याचा विषय आहे. तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. पुढें भातसा झालें. ‘मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तलावांचीं नांवें लिहा’ हा प्रश्न शहापूरचीं मुलें सोडवितात, आणि चैत्र-वैशाखांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. या दोन गोष्टी एकाच कागदावर येऊं शकत नाहींत, अशी आमच्या परीक्षेची रचना आहे.

ठराविक उत्तराचा पाया किती डळमळीत असतो तें दाखविणारी एक मौजेची गोष्ट सांगतों. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो, आणि ‘ठाणें जिल्ह्यांत तालुके किती?’ हा त्यांतला अगदीं हमखास प्रश्न. ३१ जुलै २०१४ रोजीं याचें बरोबर उत्तर पंधरा होतें. १ ऑगस्टला पालघर जिल्हा निघाला आणि बरोबर उत्तर सात झालें. ज्या मुलानें आदल्या दिवशीं पाठ केलें तें दुसऱ्या दिवशीं नापास! पुढें मागें आणखी वांटणी झाली तर उत्तर पुन्हां बदलेल. आणि १८६९ पूर्वीं विचारतां तर कुलाब्याचा मुलूखहि ठाण्यांतच धरावा लागला असता. जिल्हा ही माणसांनीं आंखलेली व माणसांनींच बदललेली रेषा आहे, हें ज्यास समजलें त्यास इतिहास समजला. आंकडा त्यामानानें गौण आहे.

हें सर्व सुधारण्याची एक संधि आली होती. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला, १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केलें. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व इतर अशीं आठ साधनें त्यानें शिक्षकाच्या हातीं दिलीं. तिसरी-चवथीसाठीं वर्षभराच्या आकारिक पारखेस शेंकडा ६० आणि सत्राअखेरच्या संकलित परीक्षेस शेंकडा ४० असें वजन ठरलें. शिवाय प्रत्येक मुलाविषयीं शिक्षकानें स्वतःच्या शब्दांत वर्णनात्मक नोंद करावयाची. कागदावर पाहतां पंतोजीची डोळस पारख आणि आधुनिक शास्त्र यांचा मेळ येथें बसला होता. वर सांगितलेल्या ठाकूरवाडीच्या मुलाचा प्रश्न टिपून ठेवण्यास आतां जागा झाली होती.

प्रत्यक्षांत त्या जागेंत काय भरलें गेलें? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. ‘ऐतिहासिक घटना क्रमानें सांगतो’, ‘परिसरांतील वास्तूंची माहिती देते’, अशीं वाक्यें यादींतून उतरून घ्यावयाचीं आणि मुलामुलींच्या नांवांपुढें वांटून द्यावयाचीं. दिपोटीच्या काळीं पाठांतर मूल करी; आतां तें शिक्षकाकडे आलें. यासाठीं शिक्षकांस सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. दोन शिक्षकांनीं चारपांच इयत्ता सांभाळावयाच्या, त्यांतच माहित्या भरावयाच्या आणि आठ साधनांचीं कोष्टकें ठेवावयाचीं, हें या तालुक्यांतील कित्येक लहान शाळांचें नित्याचें चित्र आहे. तपासणीस येणारा अधिकारी रकाने भरले आहेत कीं नाहींत हें पाहतो. नोंद खरी कीं उतरलेली हें विचारणारा क्वचित् भेटतो.

त्यानंतर २०१५ पासून शासनानें पायाभूत चाचण्या आणल्या. त्या भाषा व गणित या विषयांच्या. अलीकडच्या नियतकालिक चाचण्यांत इंग्रजीची भर पडली. पांचवीची शिष्यवृत्ति-परीक्षा घ्या : भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. परिसर अभ्यास कोठेंच नाहीं. २०१७ व २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणांत तो विषय होता खरा. पण तें निवडक शाळांचें, पर्याय निवडण्याच्या प्रश्नांचें सर्वेक्षण, आणि त्यांत माहुलीस किंवा नाणेघाटास वाव असण्याचें कारणच नव्हतें. इंग्लंडांत १८६२ नंतर जें घडलें तेंच येथें दीडशें वर्षांनीं घडत आहे. जो विषय मोजला जात नाहीं त्याचा तास मोजल्या जाणाऱ्या विषयाकडे जातो. दुपारचा परिसर अभ्यासाचा तास चाचणीच्या सरावास दिलेला आम्हीं अनेकदां पाहिला आहे.

यावर कोणी म्हणेल, मग परिसर अभ्यासाचीहि एक राज्यव्यापी चाचणी काढा. आमचा त्यास विरोध आहे. सर्व राज्यास एकच कागद म्हटला कीं त्यांत पुन्हां ‘तेवीस’च येणार. येथें न्यायशास्त्राचा आधार घेतला तर मुद्दा स्पष्ट होतो. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं. आजची परीक्षा केवळ शब्दप्रमाणाची, आणि तेंहि अर्धवट. कारण शब्द प्रमाण होतो तो बोलणारा आप्त असेल तरच, आणि पुस्तक आप्त कां मानावें हें मुलास कधीं सांगितलेलें नसतें. टाकीं पाहणें हें प्रत्यक्ष. टाक्यांवरून वस्तीचा तर्क करणें हें अनुमान. घरच्या रांजणाशीं तुलना करून टाकें ओळखणें, यांत उपमानाचाहि थोडा अंश आहे.

पारख प्रत्यक्ष कशी करावी याचा नमुना देतों. ‘माहुलीवर पूर्वीं माणसें राहत होतीं हें कशावरून?’ एवढाच प्रश्न घ्यावा. एक मूल म्हणेल, पुस्तकांत आहे म्हणून. दुसरें म्हणेल, वर दरवाजा आहे, टाकीं आहेत, म्हणून. तिसरें म्हणेल, टाकीं आहेत खरीं, पण तीं कोणीं खोदलीं तें दगड सांगत नाहीं. लिहिलेलें कांहीं मिळालें तर कळेल. या तिघांस अनुक्रमें वरचें स्थान द्यावयास शिक्षकास कोणतें कोष्टक लागतें? आणि तिसरें उत्तर चवथींतलें मूल देणार नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांनीं तें त्यास त्याच्या बोलींत देऊं द्यावें. ठाकूर, कातकरी, वारली मुलांची घरची बोली निराळी. लेखी परीक्षेंत त्यांचें प्रमाण मराठी तपासलें जातें आणि निकाल मात्र इतिहासाचा लागतो. तोंडी काम हें साधन २०१० च्या निर्णयांत आहेच. याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डी-कोसबाडच्या बाजूस, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावर शाळा नेली होती. शाळा कुरणावर जाऊं शकते तर परीक्षा गडाच्या पायथ्याशीं जाण्यास हरकत नसावी.

दोन आक्षेप राहतात. गांवागांवचे प्रश्न निराळे झाले तर शहापूरच्या मुलाची ठाणें शहरांतल्या मुलाशीं तुलना कशी करावी? आमचें उत्तर असें कीं, नऊ वर्षांच्या मुलांची इतिहासांत अशी तुलना करण्याचें प्रयोजनच नाहीं. आणि करावयाचीच असेल तर प्रश्नाचा आकार सर्वत्र तोच राहतो, वस्तु तेवढी बदलते. दुसरा आक्षेप शिक्षकाच्या पक्षपाताचा. तो खरा आहे, आणि गांवच्या तेढी व जातीपाती ज्यांस ठाऊक आहेत ते त्यास हलका मानणार नाहींत. त्यावर एकच उपाय सुचतो : नोंद करतांना मुलाचें वाक्य जसेंच्या तसें लिहून ठेवावें, शिक्षकाचें विशेषण नव्हे. ‘वास्तूंची माहिती देतो’ हें कोणाविषयींहि लिहितां येतें. ‘एवढें पाणी वर कोणासाठीं सांठविलें, असें विचारलें’ हें ज्यानें विचारलें त्याच्याविषयींच लिहितां येतें. आणि तें वाक्य समोर असलें म्हणजे दुसरा कोणीहि तपासनीस त्याची किंमत स्वतः ठरवूं शकतो. दप्तरांतला कागद आपण याच कारणासाठीं मूळ शब्दांत छापतों.

शिक्षकांस या कामीं साह्य करणें संशोधनसंस्थांस अवघड नाहीं. १६३६ व १६७० च्या माहुलीविषयींचे उल्लेख, नाणेघाटच्या लेखांतील अंकांचा ठसा, १८८२ सालीं निघालेल्या ठाणें गॅझेटियरांतील या तालुक्यांचीं वर्णनें, सिद्धगडच्या प्रसंगासंबंधींचीं तत्कालीन वृत्तें, असे अर्ध्या-अर्ध्या पानाचे उतारे सोप्या मराठींत, मूळ कोठें आहे त्याच्या निर्देशासह, केंद्राकेंद्रांतून वांटतां येतील. प्रत्येक उताऱ्याखालीं तीन-चार प्रश्न असावे, आणि त्यांतला एक तरी असा असावा कीं ज्याचें उत्तर उताऱ्यांत नाहीं, घरच्या म्हाताऱ्या माणसास विचारावें लागेल. बेचाळीसचा काळ स्वतः पाहिलेलीं माणसें आतां जवळजवळ उरलीं नाहींत. त्यांच्याकडून ऐकलेलीं अजून आहेत, आणि म्हणून सिद्धगडच्या कामास उशीर चालणार नाहीं. माहुलीचें काम मात्र सावकाशीनें करतां येईल. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत सुकूं लागतें, वाट मोकळी होते, आणि पायथ्याच्या देवळापर्यंत तर चवथीचा वर्ग मधल्या सुटींतल्या डब्यासह जाऊन परत येऊं शकतो.